अल्केन इतके आळशी, तर मग गॅस पेटतो कसा?

शेवंती (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. लेक यंदा अकरावी सायन्सला आहे. परवा रात्री मी पोळ्या लाटत होते आणि ही ओट्याला टेकून पुस्तक वाचत होती. एकदम म्हणाली, "आई, यात लिहिलंय की अल्केन, म्हणजे मिथेन-ब्युटेनसारखी फक्त कार्बन आणि हायड्रोजनची एकेरी बंधांची संयुगं, कशाशीच फारसे रिअ‍ॅक्ट होत नाहीत. आम्ल घाला, अल्कली घाला, ढिम्म. आणि तुझ्या तव्याखाली काय जळतंय? अल्केनच ना?"

मी बी.कॉम. त्यामुळे "सरांना विचार" हे हुकमी उत्तर दिलं. तिने विचारलंही होतं. "ज्वलन हा अपवाद आहे, लिहून घ्या" असं उत्तर मिळालं. त्या "अपवाद"च्या पुढच्याच पानावर हॅलोजनेशन, नायट्रेशन, क्रॅकिंग, आयसोमरायझेशन, अॅरोमॅटायझेशन, वाफेबरोबरची अभिक्रिया अशी रांग लागलीय. एवढं सगळं करणारा पदार्थ आळशी कसा, हा तिचा प्रश्न. आता माझाही.

कुणी पोळ्या लाटता लाटता समजेल अशा भाषेत सांगेल का?

तिरकस
आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अल्केन आहेत. एरवी अर्जाला उत्तर नाही, एकदा पेटले की दोन तास आवरत नाहीत.

खडूफळा
ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न पुस्तकापेक्षा चांगला आहे. अठ्ठावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायन शिकवलं, त्या भरवशावर लिहितो.

"आळशी" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पावसाळ्यात घाटातून जाताना वर कड्यावर एखादा धोंडा दिसतो. तो वर्षानुवर्षं तिथेच असतो, म्हणून त्याच्यात खाली येण्याची ताकद नाही असं आपण म्हणत नाही. त्याच्यापुढे फूटभर मातीचा बांध आहे, तेवढ्यावर तो अडलाय. अल्केनचं तसंच. ऑक्सिजनबरोबर जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होणं ही त्याच्यासाठी मोठी उतरण आहे. मिथेनचा एक मोल (म्हणजे १६ ग्रॅम) जळला की ८९० किलोज्यूल बाहेर पडतात. अडचण फक्त त्या बांधाची.

बांध एवढा उंच का? अल्केनमध्ये फक्त कार्बन-कार्बन आणि कार्बन-हायड्रोजन असे एकेरी बंध. दोन्ही मजबूत, आणि त्यांच्यात धन टोक, ऋण टोक असं जवळपास काही नाही. आम्ल किंवा अल्कली येतात ते विद्युतभार शोधत येतात. इथे त्यांना धरायला मूठच सापडत नाही. म्हणून ढिम्म.

काडी ओढली किंवा लायटरची ठिणगी पडली की थोडे बंध मधोमध तुटतात आणि ज्याच्याकडे एकच एकटा इलेक्ट्रॉन आहे असे तुकडे होतात. हे मुक्त मूलक. यांना विद्युतभाराशी देणंघेणं नसतं, समोरच्याचा हायड्रोजन ओढून घ्यायचा एवढंच ठाऊक. त्यातून नवा मूलक, त्यातून पुढचा. साखळी सुरू. तेव्हा ज्वलन हा अपवाद नव्हे. पुढच्या पानावरचं हॅलोजनेशन, म्हणजे हायड्रोजन काढून तिथे क्लोरिन किंवा ब्रोमिन बसवणं, तर याच धर्माचं आहे.

शेवंती
सर, धोंडा एकदम पोचला. लेकीला वाचून दाखवलं. ती विचारते, काडीची ठिणगी बांध ओलांडायला मदत करते, तर उन्हाने का नाही पेटत? सिलिंडरची नळी उन्हात असतेच की.

खडूफळा
कारण दिसणारा प्रकाश मिथेन-ब्युटेन शोषतच नाहीत. मिथेनचा एक कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे ४३९ किलोज्यूल लागतात. क्लोरिनच्या रेणूला फक्त २४२ पुरतात, आणि तो हिरवट पिवळा असल्याने प्रकाश गिळतो. म्हणून मिथेन आणि क्लोरिन अंधारात, साध्या तपमानाला शेजारीशेजारी गुण्यागोविंदाने राहतात आणि उजेड दाखवला की जुंपते. उजेडाने फुटतो तो क्लोरिन. मिथेन नुसता बळी.

अनुस्वार
थोडं अवांतर. अल्केनचं जुनं नाव पॅराफिन. लॅटिनमधल्या "पारुम" म्हणजे थोडं आणि "अफिनिस" म्हणजे सलगी असलेला, यांवरून केलेला शब्द. कमी सलगीचा. मराठीत "अल्पस्नेही" म्हणता येईल. आणि "रिअ‍ॅक्ट होतात" कशाला? "अभिक्रिया" हा चांगला शब्द पाठ्यपुस्तकात आहे.

तिरकस
"अल्पस्नेही मेण" देवघरात लावा आणि काय वाटतं ते कळवा.

आकडेमोड
अनुस्वार, अभिक्रिया चालेल, पण पुस्तकवाले एका पानावर "प्रतियोजन" आणि दुसऱ्या पुस्तकात "प्रतिष्ठापन" लिहितात त्याचं काय? मुलं दोन्ही पाठ करतात, त्यातला हायड्रोजन जाऊन क्लोरिन बसला एवढंच विसरतात.

असो. मूळ धाग्यासाठी एक हिशोब. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. आत प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं, सोयीसाठी सगळं ब्युटेन धरू. ब्युटेनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे तेरा लागतात, मिळतात कार्बन डायऑक्साइडचे आठ आणि पाण्याचे दहा. वजनात केलं तर एक सिलिंडर जाळायला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन, आणि बाहेर पडतं साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाणी. बावीस लिटर! म्हणजे पिण्याच्या पाण्याचा मोठा जार भरून वर दोन लिटर, दर सिलिंडरमागे, आपल्या स्वयंपाकघराच्या हवेत.

पडताळायचं असेल तर स्टीलच्या पातेल्यात माठातलं गार पाणी घ्या, बाहेरून कोरडं पुसा, पेटत्या शेगडीवर दहाच सेकंद धरून उचला. बुडाला दव आलेलं दिसेल. पातेलं गळत नाहीये, ते गॅसमधून आलेलं पाणी आहे.

नाकासमोर
माझी आई त्याला "पातेल्याला घाम आला" म्हणायची आणि पातेलं बदलायची. चाळीस वर्षांचा गैरसमज आज गेला.

गोठ्यातला
आमच्याकडे गोबरगॅस. १९९०च्या सुमारास वडिलांनी बांधलेला, अजून चालू. त्यात मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. सिलिंडरची शेगडी तशीच जोडली तर नीट जळत नाही, जेटचं भोक मोठं करावं लागतं. गॅस पातळ आहे म्हणा ना. ज्योत निळी, भांडी काळी होत नाहीत. पण थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याने पितळी नॉब काळे पडतात.

आणि मिथेन आळशी आहे म्हणून बिनधास्त राहू नका. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीची वाट बघत बसतो. चुलत्याने टाकीत वाकून बघायला बिडी पेटवली होती. भुवया परत यायला तीन महिने लागले.

निशिगंधा
सगळे ज्योत, दव, हिशोब बोलताय, एक गंभीर गोष्ट मी सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर होता, खिडकी थंडीसाठी बंद. वीस मिनिटांनी अंघोळीतून बाहेर आले, डोकं जड, पाय कापसाचे. दार उघडलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गिझर आत आहे का?"

नंतर कळलं ते असं. ऑक्सिजन पुरला तर अल्केनचा कार्बन डायऑक्साइड होतो. कोंदट खोलीत हवा कमी पडली की मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. गॅस गळतीचा जो वास आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. तो जळून गेलेला असतो. तेव्हा "वास येत नाही म्हणजे सगळं ठीक" हे गिझरला लागू नाही. गिझर बाहेर, नळ आत. आणि ज्योत पिवळी दिसायला लागली तर मेकॅनिकला बोलवा, "थंडीमुळे असेल" म्हणू नका.

शेवंती
बापरे. आमचा गिझर आतच आहे. आजच प्लंबरला फोन.

रावपाटील
पिवळी ज्योत म्हणजे काजळीचे न जळलेले कण तापून चमकतात. मेणबत्तीचा सगळा उजेड त्या अर्धवट जळण्याचाच. स्टोव्हचा बर्नर चोंदला की आजी पिन घालायची, ज्योत पिवळ्याची निळी आणि "फर्र" आवाज. आताच्या पोरांना स्टोव्हची पिन दाखवली तर सिमकार्ड काढायची म्हणतील.

सीईटीग्रस्त
काका-काकूंनो, मी बारावीला आहे. हॅलोजनेशनवर एक प्रश्न मला फार आवडला म्हणून लिहितोय. प्रोपेनमध्ये टोकाचे हायड्रोजन सहा, मधल्या कार्बनचे दोन. सगळे सारखे असते तर क्लोरिन ७५ टक्के वेळा टोकाला बसला असता. प्रत्यक्षात साध्या तपमानाला मधला हायड्रोजन टोकाच्यापेक्षा ३.८ पट सहज निघतो. म्हणजे ६ गुणिले १ आणि २ गुणिले ३.८, ६ विरुद्ध ७.६. सुमारे ४४ टक्के टोकाला, ५६ टक्के मध्ये.

ब्रोमिन घेतला तर तोच आकडा ३.८ वरून ८२ होतो (तपमान जास्त, साधारण १२५ अंश). मग ६ विरुद्ध १६४. जवळपास ९६ टक्के मधलं. तृतीयक कार्बन (तीन कार्बनना जोडलेला) असेल तर ब्रोमिनसाठी आकडा १६०० आहे.

आमच्या क्लासमध्ये नुसतं "ब्रोमिन जास्त सिलेक्टिव्ह" असं फळ्यावर लिहितात. का ते कुणी सांगत नाही.

उरणकर
कारण क्लोरिन घाईत असतो. हायड्रोजन ओढायला त्याला फारसा जोर लागत नाही, मग टोकाचा मिळो की मधला, पहिला हाताला लागला तो घेतला. ब्रोमिनला ती पायरी चढ आहे, ऊर्जा घालावी लागते. चढावर जो कमी चढ तोच निवडतो माणूस.

तिरकस
क्लोरिन म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीला बसून मिळेल ते खाणारा. ब्रोमिन म्हणजे मुलगी बघायला आलेला. फ्लोरिन म्हणजे मांडव पेटवून गेलेला. आयोडिन?

सीईटीग्रस्त
आयोडिनची बोलणी होतात पण दर वेळी मोडतात! तयार होणारा हायड्रोजन आयोडाइड उलटा फिरून सगळं पूर्ववत करतो. म्हणून आयोडिक आम्ल किंवा नायट्रिक आम्लासारखा ऑक्सिडीकारक ठेवतात, तो हायड्रोजन आयोडाइडला संपवतो. मध्यस्थालाच बाजूला काढायचं.

उरणकर
पोरगा हुशार आहे. आता क्रॅकिंगबद्दल, म्हणजे अल्केन तापवून फोडण्याबद्दल, कारण माझी भाकरी त्यावर आहे.

मुंबई हायचा गॅस आमच्या उरणला येतो. त्यातलं इथेन-प्रोपेन वेगळं करून नागोठण्याच्या क्रॅकरला जायचं, हा जुना मार्ग. आता अमेरिकेहून इथेन जहाजाने दहेजला उतरतं आणि पाइपने खाली येतं. एवढा खटाटोप कशासाठी? इथेनमधून हायड्रोजन काढून इथिलीन करायला. तिथून पुढे प्लॅस्टिक.

फर्नेसच्या आत ट्यूबमधून इथेन वाफेबरोबर जातं. तपमान ८०० अंशांच्या वर, आत मुक्काम सेकंदाहून कमी. बाहेर पडताच लगेच गार करायचं. जरा रेंगाळलं की इथिलीनचं पुढे काहीतरी भलतंच होतं आणि ट्यूबच्या आत कोक, म्हणजे कोळशासारखा कार्बनचा थर, बसतो. वाफ घालायचं एक कारण तेही, कोक कमी बसावा. तरी बसतोच. मग फर्नेस लाइनबाहेर काढून वाफ आणि हवा सोडून तो जाळायचा, याला डीकोकिंग म्हणतात. पीपहोलमधून बघितलं तर ट्यूब नारिंगी लाल, जिथे कोक जाड तिथे डाग जास्त उजळ दिसतो. कारण आतला गॅस तिथली उष्णता नेऊ शकत नाही. नवीन पोरांना आम्ही आधी तो डाग ओळखायला शिकवतो, समीकरण नंतर.

आळशी म्हणता ना? ८०० अंशांना कुणी आळशी राहत नाही.

रावपाटील
उरणकर, +१. आमची शेती उसाची. युरियाची ४५ किलोची गोणी येते तिचाही उगम मिथेनच ना? थळला गॅसवर खत होतं असं ऐकून आहे.

उरणकर
हो. मिथेन आणि वाफ, निकेल कॅटॅलिस्टवर, ८०० ते १००० अंशांच्या घरात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात. हायड्रोजन हवेतल्या नायट्रोजनशी जोडून अमोनिया, अमोनियापासून युरिया. गंमत म्हणजे वाटेत निघालेला कार्बन डायऑक्साइडच युरियात वापरतात. तुमच्या उसाला घातलेल्या युरियातला कार्बनसुद्धा त्या मिथेनचाच.

इतिहासपुरे
क्लोरिनची एक गोष्ट. असं सांगतात की पॅरिसच्या त्युइलरी राजवाड्यात एका मेजवानीत मेणबत्त्यांचा धूर इतका झोंबला की पाहुणे खोकत बाहेर पडले. चौकशी रसायनशास्त्रज्ञ जाँ-बाप्तिस्त द्युमाकडे आली. कळलं असं की मेण पांढरं करायला क्लोरिन वापरला होता, आणि तो नुसता अडकून न राहता हायड्रोजनच्या जागी जाऊन बसला होता. जळताना हायड्रोजन क्लोराइड बाहेर. हायड्रोजन जातो आणि त्याच्या जागी क्लोरिन येतो, ही प्रतियोजनाची कल्पना द्युमाने १८३४च्या सुमारास मांडली.

अनुस्वार
गोष्ट छान, पण त्या मेणबत्त्या पॅराफिनच्या नसाव्यात. पॅराफिन मेण रायशेनबाखने १८३० साली वेगळं काढलं, बाजारात यायला आणखी वीस वर्षं गेली. त्या काळची मेणबत्ती चरबी किंवा मधमाश्यांच्या मेणाची.

इतिहासपुरे
मान्य. पण चरबीच्या आम्लालाही लांब अल्केनसारखी शेपूट असतेच की. क्लोरिन तिथेच बसला.

खडूफळा
सीईटीग्रस्त, तुझ्या "का ते कुणी सांगत नाही" वरून एक जुनी गोष्ट आठवली. लिहू की नको असं वाटत होतं.

प्रॅक्टिकलला ब्रोमिन पाण्याची चाचणी असते. रंग उडाला तर असंपृक्त (दुहेरी बंध असलेला), नाही उडाला तर संपृक्त (सगळे एकेरी बंध). मी परीक्षेत एका मुलाला हेक्झेन, म्हणजे अल्केनच, दिलं होतं. ब्रोमिन पाण्याबरोबर हलवलं की ब्रोमिन वरच्या हेक्झेनच्या थरात जातो, थर नारिंगी होतो आणि तसाच राहतो. या मुलाने लिहिलं, "रंग उडाला, असंपृक्त." मी तीन गुण कापले आणि वर "न बघता लिहू नये" असा शेरा मारला.

पुढच्या वर्षी मीच सहज दोन परीक्षानळ्या भरल्या. एकीला टायपिंगचा कार्बन पेपर गुंडाळला, दुसरी उघडी, दोन्ही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून चहाला गेलो. परत आलो तर उघडी नळी पाण्यासारखी स्वच्छ. कार्बन पेपर सोडला, आतली तशीच नारिंगी. उघड्या नळीचं बूच काढलं, तोंडाशी ओला निळा लिटमस धरला, लाल. अमोनियात बुडवलेली काचकांडी धरली, पांढरा धूर. हायड्रोजन ब्रोमाइड. म्हणजे रंग खरंच उडाला होता, पण दुहेरी बंधावर ब्रोमिन बसून नाही, उन्हाने प्रतियोजन होऊन.

त्या मुलाचं टेबल खिडकीचं होतं. मार्च महिना, सकाळी साडेदहाची बॅच. त्याने बघूनच लिहिलं होतं.

त्या वर्षीपासून प्रॅक्टिकलला खिडकीचे पडदे ओढून घ्यायचो. तो मुलगा पुढे भेटला नाही.

निशिगंधा
सर, वाचून गप्प झाले.

नाकासमोर
वाखु (वाचनखूण) साठवली. एवढ्याच प्रतिसादासाठी.

रावपाटील
एक शंका. पेट्रोलला ठिणगी लागते, डिझेलला नाही. दोन्ही अल्केनच ना मुख्यतः?

आकडेमोड
लांब सरळ साखळी लवकर पेट घेते. मिथेनला आपोआप पेटायला ५०० अंशांहून जास्त लागतात, सोळा कार्बनच्या हेक्झाडेकेनला २०० च्या आसपास. डिझेल इंजिनात दाबून हवा तापवली की त्यात सोडलेलं डिझेल स्वतःच पेटतं. पेट्रोलला उलट हवं. ठिणगीआधी पेटलं तर खटखट आवाज, नॉकिंग. सरळ साखळीचा हेप्टेन खूप खटखटतो म्हणून त्याचा ऑक्टेन क्रमांक ०, फांद्याफांद्यांचा आयसोऑक्टेन १००. रिफायनरीत आयसोमरायझेशन आणि रिफॉर्मिंग (त्यातलंच पुस्तकातलं अॅरोमॅटायझेशन) करतात ते याचसाठी. पुस्तकातली ती दोन रूक्ष नावं म्हणजे तुमच्या स्कूटरची खटखट थांबवण्याचे उपाय.

सीईटीग्रस्त
हे क्लासमध्ये सांगितलं असतं तर पाठ करावं लागलं नसतं. हेप्टेनपासून टोल्यूइन, ७७३ केल्विन, १० ते २० वातावरण दाब, व्हॅनेडियम ऑक्साइड... बघा, अजून पाठ आहे.

शेवंती
मंडळी, दंडवत. तीन दिवस घरात हाच विषय.

पातेल्याचा प्रयोग काल केला. माठातलं पाणी, बूड कोरडं पुसलेलं, दहा सेकंद. लेकीने पातेलं डोक्याच्या वर धरून मोबाइलचा टॉर्च मारला. आधी धुरकट, मग बारीक थेंब. तिने बोटाने रेघ ओढली आणि चक्क "ब्यु" लिहिलं, पुढचं लिहीपर्यंत वाळलं. मग म्हणाली, पावसाळ्यात ओट्यामागच्या टाइल्स ओल्या राहतात ते बावीस लिटर इथूनच येतात का? थोडे तरी नक्की येत असणार.

गिझर गॅलरीत गेला. प्लंबर भिंतीला भोक पाडण्याचे साडेपाचशे घेऊन गेला, खुशीने दिले.

आणि तिने सरांसाठी नवा प्रश्न पाठवलाय. लॅबमध्ये सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, कारण रॉकेल त्याच्याशी काहीच करत नाही. मग सोडियमला आग लागली तर ते रॉकेल पण पेटेल ना? मग पाण्यापासून वाचवायला पेटणाऱ्या गोष्टीतच का ठेवायचं?

खडूफळा
पेटेल. प्रश्न फर्मास आहे. इथेही तोच धोंडा आणि तोच बांध, फक्त रॉकेलसाठी बांध उंच आहे आणि पाण्यासाठी नाहीच. नीट लिहायला हवं, उद्या लिहितो. आमच्याकडे संध्याकाळपासून वीज नाही आणि फोन ७ टक्क्यांवर आलाय.

तिरकस
सर, कंदील लावा. रॉकेल आहे ना?